विज्ञानपटाचे संकेत आणि रामबागेतला एक वाडा : पंधरा मिनिटांची संहिता कशी लिहावी

विज्ञानपट लिहायला बसलेल्या बहुतेक नवख्या लेखकांच्या वहीत पहिल्या पानावर यंत्राचे चित्र असते. त्या यंत्राची बटणे, दिवे आणि तारा यांच्या तपशिलाने दोन-तीन पाने भरतात. पण ते कोणाच्या घरात आहे, घरातल्या कोणाला ते हवे आहे आणि कोणाला नको आहे, हे दहाव्या पानापर्यंत ठरलेले नसते. इंदूरमध्ये आम्ही सात-आठ जण रविवारी दुपारी एकमेकांच्या संहिता मोठ्याने वाचतो. त्या वाचनात आलेल्या विज्ञानपटांच्या संहितांपैकी बऱ्याच याच ठिकाणी अडकल्या, आणि माझी पहिली संहिताही त्यांतच होती. पुढचे मार्गदर्शन अशा लेखकांसाठी आहे, ज्यांच्याजवळ पैसा थोडा आहे, कॅमेरा मोबाईलचा आहे, कलाकार घरातले आणि शेजारचे आहेत, आणि ज्यांना तरीही दहा-पंधरा मिनिटांचा विज्ञानपट मनापासून करायचा आहे.

आधी संकेत या शब्दाचा अर्थ नीट ठरवून घेऊ. संगीत नाटकात नायिका दुःखाच्या भरात गाऊ लागते, तेव्हा तबला-पेटी कोठून आली असे कोणी विचारत नाही. कीर्तनकार पूर्वरंग संपवून उत्तररंगाकडे वळला की श्रोते न सांगता आख्यानासाठी सरसावून बसतात. प्रेक्षक आणि कलाकार यांनी पूर्वीच मान्य केलेल्या अशा गोष्टींमुळे प्रत्येक वेळी सारे नव्याने समजावून सांगावे लागत नाही. विज्ञानपटातही तसेच असते. अवकाशात हवा नसल्यामुळे तेथे आवाज पोहोचत नाही, हे शाळेत शिकलेला प्रेक्षकसुद्धा पडद्यावरच्या यानाची घरघर निमूटपणे ऐकतो, कारण या प्रकारातल्या चित्रपटांनी ती सवलत फार पूर्वीच मागून घेतली आहे. ज्यांनी ती नाकारून अवकाशातली निःशब्दता तशीच ठेवली, त्यांचीही निवड ठळकपणे जाणवते ती हा संकेत ठाऊक असल्यामुळेच. म्हणून संकेत पाळायचा की मोडायचा हा प्रश्न नंतरचा. तो आधी ओळखता आला पाहिजे.

ओळखताना दोन थर वेगळे करावेत. पहिला थर वस्तूंचा आणि माणसांचा आहे: अग्निबाण, प्रयोगशाळा, यंत्रमानव, परग्रहवासी, एकटा शास्त्रज्ञ, लुकलुकणारा फलक. दुसरा थर रचनेचा आहे: अनोळखी कोणी येतो आणि गावाची परीक्षा होते, शोध लागतो आणि शोधणाऱ्याच्या हातात राहत नाही, चार माणसे बंद जागेत अडकतात, काळ मागे-पुढे होतो आणि कोणाला तरी एक निवड करावी लागते. नवखे लेखक पहिला थर उचलतात आणि दुसऱ्याला हात लावत नाहीत. मग पडद्यावर अग्निबाण दिसतो, पण कथा कौटुंबिक मालिकेचीच राहते. उलट एकही चमकदार वस्तू नसताना केवळ रचनेच्या बळावर विज्ञानपट उभा राहू शकतो, आणि कमी पैशात काम करणाऱ्याने तर याच थराकडे लक्ष द्यावे.

संकेताचे मूळ शोधावे

प्रत्येक संकेत केव्हा तरी कोणाच्या तरी गरजेतून जन्मलेला असतो. अग्निबाण सुटण्यापूर्वी उलटे आकडे मोजण्याची रीत घ्या. फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाने १९२९ सालच्या आपल्या चंद्रप्रवासाच्या मूकपटात ती वापरली. उड्डाणाचा क्षण जवळ येत आहे हे आवाजाशिवाय प्रेक्षकाला कळावे आणि त्याचा श्वास रोखला जावा, म्हणून पडद्यावर उतरते आकडे दाखवले गेले. सुलटे मोजले असते, तर कोठे थांबायचे हे प्रेक्षकाला ठाऊक नसते. उलटे मोजल्यामुळे शून्य कधी येणार हे त्याला आधीच माहीत होते. पुढे खऱ्या अग्निबाणांच्या उड्डाणातही हीच पद्धत रूढ झाली, आणि आज श्रीहरिकोटाहून होणारे उड्डाण दूरचित्रवाणीवर पाहताना आपण सगळे तसेच मोजतो.

'रोबो' या शब्दाचेही तसेच आहे. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून तो जगभर गेला, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ वेठबिगारी असा आहे. म्हणजे यंत्रमानवाची कथा जन्मापासूनच मालक आणि राबणारा यांची कथा आहे. ज्या घरात धुणेभांडी करायला मावशी येतात, त्या घरात यंत्रमानव आणून ठेवणाऱ्या लेखकाने हे विसरू नये. त्या मावशींचे पुढे काय झाले, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात येणारच, आणि खरी कथा बहुधा तेथेच असते. जपानमध्ये १९५४ च्या नोव्हेंबरात समुद्रातून वर आलेला प्रचंड राक्षसी प्राणी पडद्यावर दिसला, त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली होती. तो चित्रपट पाहणाऱ्या जपानी प्रेक्षकाला त्या प्राण्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही. आपण केवळ प्राणी उचलला आणि त्याच्यामागची राख मागेच ठेवली, तर हातात रबरी बाहुली तेवढी उरते.

यासाठी एक सराव सांगतो. कोणतेही दोन विज्ञानपट निवडावेत, एक जुना आणि एक नवा, आणि वही घेऊन बसावे. पहिली अपरिचित गोष्ट कितव्या मिनिटाला दिसली, तिचा नियम कितव्या मिनिटाला कळला, तो नियम पहिल्यांदा कोणाच्या अंगावर आला आणि शेवटी त्याची किंमत कोणी मोजली, एवढ्या चारच गोष्टी टिपाव्यात. मग पहिली दहा मिनिटे आवाज बंद करून पुन्हा पाहावीत, आणि त्यानंतर तीच दहा मिनिटे डोळे मिटून ऐकावीत. आमच्या मंडळातल्या एका मुलीने हे चार चित्रपटांवर केले, आणि तिच्या पुढच्या संहितेत यंत्राच्या वर्णनाला तीन ओळी पुरल्या.

एकच नवलाई

साहित्याचे अभ्यासक दार्को सुविन यांनी विज्ञानकथेला वेगळे पाडणाऱ्या घटकाला 'नोवम' असे नाव दिले: आपल्या जगात नसलेली, पण तर्काने पटू शकणारी एक नवी गोष्ट, जिच्यामुळे कथेतले सारे जग बदलते. मी मंडळात साधा 'नवलाई' हा शब्द वापरतो. पंधरा मिनिटांच्या चित्रपटात नवलाई एकच असावी, आणि याबाबत मी आग्रही आहे. माझ्या पहिल्या संहितेत भविष्यातून आलेला मुलगा होता, मन वाचणारी टोपी होती आणि शिवाय पाणी संपलेले शहर होते. वाचन संपल्यावर एका वडीलधाऱ्या श्रोत्यांनी विचारले, "टोपी आहे तर त्या मुलाला काही विचारावे का लागते?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. दोन नवलाया एकत्र आल्या की एक दुसरीचे काम करून टाकते, आणि कथेला अडचणच उरत नाही.

येथून पुढे एकच उदाहरण घेऊन चालू. इंदूरच्या रामबाग भागात एक जुना मराठी वाडा आहे, असे समजू. तो लवकरच पाडला जाणार आहे. घरात पंचेचाळीस वर्षांची आत्या, तिचा भाऊ, वहिनी आणि आठ वर्षांची भाची आहे. माळ्यावर आत्याच्या दिवंगत वडिलांनी बनवलेले एक उपकरण सापडते. ते चालू केले की त्या जागी बरोबर तीस वर्षांपूर्वी झालेले आवाज ऐकू येतात. नवलाई एवढीच.

आता नियम. नियम कागदावर शब्दाशब्दाने लिहून काढावा, कारण पुढचे सारे त्या शब्दांवर अवलंबून असते. या उपकरणाचे तीन नियम मी असे लिहीन: ज्या जागी उपकरण आहे, त्याच जागेचा आवाज ऐकू येतो, अंतर नेहमी तीस वर्षांचेच राहते, एक मिनिट पुढे नाही की मागे नाही, आणि ऐकताना खोलीत दुसरा आवाज झाला, तर तेवढा जुना आवाज कायमचा हरवतो. तिसऱ्या नियमाकडे नीट पाहावे. त्यात किंमत आधीच दडलेली आहे. जुने ऐकायचे असेल, तर आजच्या घराला गप्प बसावे लागेल, आणि आठ वर्षांच्या मुलीला गप्प बसवणे म्हणजे काय, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे.

नियमाची मर्यादा ही कथेची शक्ती असते, हे आपल्याकडच्या प्रेक्षकाला वेगळे सांगायला नको. १९८७ च्या 'मिस्टर इंडिया'मधला नायक अदृश्य होतो, पण लाल प्रकाशात दिसतो. ती लाल अट नसती, तर त्याला कोणाचीच भीती उरली नसती, आणि चित्रपट अर्ध्यावर संपला असता. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कोणालाही विचारावे, मनगटावरच्या यंत्राची रचना त्याला आठवणार नाही, लाल काच आठवेल.

दुसऱ्या नियमातून आपल्या कथेला मुदत मिळते. आत्याची आई ५ नोव्हेंबर १९९५ ला गेली, असे धरू, आणि उपकरण सापडते २४ ऑक्टोबर २०२५ ला. म्हणजे आईचा आवाज आणखी बाराच दिवस ऐकता येईल. त्यानंतर त्या खोलीतून तो पुन्हा येणार नाही. घड्याळ लावलेला बॉम्ब किंवा उलटे मोजणारा फलक न दाखवता संकेत तोच पाळला गेला, आणि शून्य कधी येणार हे प्रेक्षकाला पहिल्याच पानावर कळले.

पटवून देण्याचा प्रसंग

विज्ञानपटात एक प्रसंग जवळजवळ अटळ असतो: नवलाई खरी आहे हे आधी पात्राला आणि मग प्रेक्षकाला पटते. येथे लेखक भाषणाच्या मोहात सापडतो. मराठी लेखकाला हा मोह अधिक होतो, कारण आपल्या विज्ञानकथेची परंपरा शास्त्र समजावून सांगणाऱ्या लेखकांची आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. त्या वाटेने पुढे आलेल्या अनेक कथांत एखादे पात्र शांतपणे दोन परिच्छेद शास्त्र सांगते, आणि वाचकाला ते आवडते, कारण पुस्तक हातात असताना थांबता येते, पान मागे उलटता येते. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला थांबता येत नाही. तेथे पुरावा कानाने आणि डोळ्यांनी मिळाला पाहिजे.

आपल्या उदाहरणात तारीख २४ ऑक्टोबर मी उगाच निवडलेली नाही. १९९५ च्या त्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होते; राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या एका पट्ट्यात ते खग्रास दिसले, इंदूरमध्ये खंडग्रास. म्हणून २०२५ च्या त्या सकाळी, लख्ख उन्हात, आत्या उपकरण चालू करते तेव्हा पहिल्यांदा काहीच ऐकू येत नाही. तिला वाटते, बिघडले असेल. खिडकीबाहेर आजची गल्ली गजबजलेली आहे, म्हणून ती खिडकी लावून घेते. मग त्या शांततेतून शेजारची एक बाई ओरडते, "मुलांना आत घ्या हो, ग्रहण लागलंय!" पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज येतो. आणि मग आईचा आवाज: "तुळशीपत्र टाकलंस का पाण्यात?" त्यावर पंधरा वर्षांच्या मुलीचे त्रासिक उत्तर, "टाकते गं, जरा थांब की." आत्या स्वतःचाच आवाज ऐकत असते. या प्रसंगात यंत्राविषयी एक शब्दही नाही, तरी प्रेक्षकाला सारे कळते, आणि कथा खरोखर कशाविषयी आहे हेही कळते.

येथे एक बारीक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. तीस वर्षांचे अंतर इंग्रजी तारखेने मोजले, तर सण जुळत नाहीत, कारण आपले सण तिथीने येतात. १९९५ चे ते ग्रहण अमावास्येचे, म्हणजे ऐन दिवाळीतले होते; २०२५ मध्ये मात्र २४ ऑक्टोबरला घरातली दिवाळी होऊन गेलेली आहे, आकाशकंदील उतरायचा राहिला आहे, फराळाच्या डब्यांत तळाशी थोडा चिवडा उरला आहे. एकीकडे दिवाळी सरलेले घर आणि दुसरीकडे, त्याच खोलीत, पाडवा आणि भाऊबीज अजून यायची असलेले घर. आत्याला आईची शेवटची भाऊबीज ऐकायला मिळेल, आणि ती ऐकताना बाहेर एकही पणती नसेल. कल्पनेतल्या नियमाला खऱ्या पंचांगाशी भिडवले, तेव्हा हा प्रसंग आपोआप हाती आला. म्हणून नियम ठरला की लगेच कॅलेंडर, नकाशा आणि वेळापत्रक घेऊन बसावे.

उपकरण कसे चालते हे किती सांगावे? माझे उत्तर असे की पात्राला जेवढे कळू शकते तेवढेच. आत्या शाळेत भूगोल शिकवत असेल, तर तिने ध्वनिलहरींच्या ऊर्जेवर व्याख्यान देऊ नये. वडिलांच्या वहीतले एक वाक्य, अर्धवट आकृती आणि "जागा बदलू नये" अशी लाल शाईतली सूचना पुरेशी आहे. लेखकाने मात्र त्या सूचनेचा विसर पडू देऊ नये. शेवट तिच्यावर उभा राहणार आहे.

इंदूर कोठे आणि किती

विज्ञानपट म्हटला की महानगर, काचेचे मनोरे आणि पाऊस, असे दृश्य डोळ्यांसमोर येते. ती उसनवारी टाळावी. ज्याँ-ल्यूक गोदार यांनी १९६५ मध्ये दूरच्या आकाशगंगेतले शहर दाखवण्यासाठी एकही भविष्यकालीन सेट उभारला नाही. त्या वेळच्या पॅरिसमधल्याच नव्या इमारती, काचेचे जिने आणि रात्रीचे रस्ते त्यांनी अशा कोनांतून टिपले की ते शहर परके वाटावे. इंदूरच्या लेखकाला तर याहून अधिक सामग्री हाताशी आहे. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग सुमारे ७० किलोमीटर दूरच्या नर्मदेतून, जलूदहून, चढ चढवून आणला जातो. हे वाक्य नुसते लिहिले तरी एका विज्ञानपटाची सुरुवात वाटते. राजेंद्रनगरच्या पुढे, ज्याला शहरात अजूनही लोक 'कॅट' म्हणतात, त्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हे सुमारे १७२ मीटर परिघाचे यंत्र आहे, ज्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरत असतात. आपल्या कथेतले वडील अशा एखाद्या संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले तंत्रज्ञ असतील, तर माळ्यावरच्या उपकरणाला घरगुती विश्वासार्हता येते, आणि संस्थेचे दार चित्रपटात दाखवण्याची गरजही पडत नाही. काळाशी खेळणाऱ्या कथेला उज्जैन तासाभरावर आहे. प्राचीन भारतीय ज्योतिषात मूळ रेखावृत्त तेथूनच मानले जात होते, आणि सवाई जयसिंहांनी बांधवलेल्या वेधशाळेतल्या सम्राट यंत्राची सावली आजही वेळ दाखवते. अर्थात हे सगळे एकाच संहितेत कोंबू नये. आपल्या कथेला वाडा पुरतो.

भाषेचा उपयोग मात्र जरूर करावा, कारण त्याला पैसा लागत नाही. काळ बदलला हे दाखवण्यासाठी चित्रपट कपडे, गाड्या आणि फोन बदलतात. इंदूरच्या मराठी घरात काळ भाषेतून दिसतो. १९९५ च्या आवाजांत आई मुलांशी मराठीत बोलते आणि दारावरच्या भाजीवालीशी हिंदीत घासाघीस करते. २०२५ मध्ये आत्या मराठीत विचारते आणि भाची हिंदीत उत्तर देते. भविष्यातल्या जगाची वेगळी भाषा घडवणे हा या प्रकारातला जुना संकेत आहे. येथे ती भाषा घडवावी लागत नाही, आपल्याच ओसरीवर ऐकू येते.

आवाज

पैसा थोडा असेल, तर तो आवाजावर खर्च करावा, या मतावर मी ठाम आहे. प्रेक्षक धूसर चित्र माफ करतो, पण न समजणारा संवाद माफ करत नाही. चित्राच्या बाबतीत किती काटकसर चालते याचे टोकाचे उदाहरण म्हणजे क्रिस मार्कर यांचा १९६२ सालचा २८ मिनिटांचा कालप्रवासाचा लघुपट: तो जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा आहे, त्यात हलणारे चित्र एकाच ठिकाणी क्षणभर येते, आणि त्या चित्रांना बांधून ठेवतो तो निवेदकाचा आवाज.

आपल्या कथेत तर नवलाईच आवाजाची आहे. म्हणून संहितेसोबत आवाजांच्या दोन याद्या कराव्यात. १९९५ च्या यादीत वातीच्या स्टोव्हवरच्या दुधाची उतू जातानाची चर्र, तबकडीच्या फोनची घंटा, रस्त्यावरच्या टेम्पोची फटफट, शेजारच्या दूरदर्शनवरच्या बातम्यांचा दबका सूर. २०२५ च्या यादीत मोबाईलची थरथर, मिक्सर, इमारती पाडणाऱ्या यंत्राची धडधड, आणि सकाळी गाणे वाजवत येणारी महापालिकेची कचरागाडी. या शेवटच्या आवाजाचे मोल इंदूरकराला समजावून सांगावे लागणार नाही. तो ऐकताच आपण आजच्या काळात आहोत हे त्याला पडद्याकडे न पाहताही कळते. आत्या आईचे एखादे वाक्य कान देऊन ऐकत असताना कचरागाडी दाराशी यावी, तिसऱ्या नियमाप्रमाणे ते वाक्य कायमचे हरवावे, आणि वहिनीने सहजपणे ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे घेऊन बाहेर जावे. येथे कोणी दुष्ट नाही, कोणाची चूकही नाही. अशा प्रसंगासाठी पार्श्वसंगीत वापरू नये.

जुने आवाज ध्वनिमुद्रित करताना ते मुद्दाम खरखरीत करण्याचा मोह होतो, कारण 'जुने म्हणजे खरखर' हाही एक संकेतच आहे. येथे तो मोडावा, असे मला वाटते. उपकरण ध्वनिफीत वाजवत नाही, त्या खोलीतला आवाजच परत आणते. आईचा आवाज आत्ता शेजारी उभी राहून बोलल्यासारखा स्वच्छ हवा. भाचीच्या आवाजाइतकाच जवळचा.

शास्त्रज्ञ, परग्रहवासी आणि सैन्य

विस्कटलेल्या केसांच्या वेड्या शास्त्रज्ञाविषयी फार लिहीत नाही. खऱ्या प्रयोगशाळेत काम करणारी माणसे डबा घेऊन जातात, बसची वाट पाहतात आणि गटाने काम करतात. एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. परग्रहवासी आणायचा असेल, तर तो दाखवण्यापूर्वी त्याला पाहणाऱ्यांचे चेहरे दाखवावेत, आणि शक्य असेल तर तेवढ्यावरच थांबावे. सरकारी गाड्या आणि सैनिक अचानक दारात येण्याचा प्रसंग पंधरा मिनिटांच्या चित्रपटातून वगळावा. घरातल्या माणसांमधला तणाव लिहिता आला नाही, की लेखक बाहेरून शत्रू मागवतो.

शेवट

या प्रकारातले शेवट तीन-चार वाटांनी जातात: यंत्र नष्ट होते, शोधणारा नष्ट होतो, सारे स्वप्न होते असे निघते, किंवा धोका टळल्यावर शेवटच्या चौकटीत तो पुन्हा डोळे उघडतो. स्वप्नाचा शेवट कधीही करू नये. प्रेक्षकाने पंधरा मिनिटे मान्य केलेला नियम त्यात एका वाक्याने परत घेतला जातो. बाकीचे शेवट चुकीचे नाहीत, पण ते आपल्या नियमातून निघाले पाहिजेत. म्हणून शेवट सुचत नसेल, तर नवी घटना शोधू नये. नियमांचा कागद पुन्हा काढावा आणि प्रत्येक नियम उलट्या बाजूने वाचून पाहावा.

आपला पहिला नियम उलटा वाचू. या जागेचे तीस वर्षांपूर्वीचे आवाज आज ऐकू येतात. म्हणजे या जागी आज जे बोलले जाईल, ते तीस वर्षांनी ऐकू येऊ शकेल. नियम भिंतीचा नाही, जागेचा आहे, हे वडिलांच्या लाल शाईतल्या सूचनेने आधीच सांगून ठेवले आहे. वाडा पडला, तरी जागा राहील. ही गोष्ट कोणत्याही पात्राने संवादात बोलून दाखवू नये. सूचनेचे पान पुन्हा एकदा, क्षणभर, चौकटीत आले की पुरे.

मग बाराव्या दिवसाचा प्रसंग असा लिहिता येईल. ५ नोव्हेंबरची पहाट आहे. खोलीत आत्या एकटी बसली आहे, उपकरण चालू आहे, आईचा जड श्वास ऐकू येतो आहे. इतके दिवस गप्प बसवलेली भाची दाराशी येते. तिचा दात पडला आहे आणि तो कोणाला तरी दाखवायचा आहे. ती तोंडावर हात दाबून उभी राहते, कारण तिलाही आता नियम पाठ झाला आहे. आत्या तिच्याकडे पाहते. उपकरणातून आई काही तरी बोलू लागते, तिच्या मुलीला हाक मारते, आणि त्याच क्षणी आत्या म्हणते, "ये, दाखव बघू." जुना आवाज तुटतो. त्यानंतर भाची बोलत राहते, हिंदीत, मध्येच मराठीत, पडलेल्या दाताविषयी, शाळेविषयी, नव्या फ्लॅटमधल्या आपल्या खोलीविषयी, आणि आत्या उपकरण बंद करते, भाचीला बरोबर त्या जागी मांडीवर घेऊन बसते आणि म्हणते, "जरा मोठ्याने सांग. आणि आधी तुझं नाव सांग, आजची तारीख सांग."

कॅमेरा त्या दोघींवर ठेवावा की रिकाम्या भिंतीवर, यावर आमच्या मंडळात दोन रविवार वाद झाला. मी भिंतीच्या बाजूचा आहे. पुढे भिंत जाते, चौकटीत पाडलेल्या वाड्याचे मोकळे मैदान उरते, मुलीचा आवाज तसाच चालू राहतो, आणि तारीख सांगून झाल्यावर ती विचारते, "कोण ऐकणारे?"